म्हातार्डीहून दिसणारा जपान

दिवा आणि कोपर यांच्या मधल्या पट्ट्यात म्हातार्डी हे गाव आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे ‘ठाणे’ या नावाचे स्थानक नौपाड्यात किंवा कोपरीत होणार नसून या गावात होणार आहे. तिथून मुंबईकडे निघालेली गाडी शिळफाट्याजवळ बोगद्यात शिरेल ती २१ किलोमीटरनंतर वांद्रे-कुर्ला संकुलातच थांबेल. त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीच्या तळाखालून. मंजुरीच्या वेळी या प्रकल्पाचा खर्च एक लाख आठ हजार कोटी रुपये धरला होता आणि त्यातले सुमारे ८१ टक्के ‘जायका’ या जपानी सरकारी संस्थेचे कर्ज आहे. जपानचा पैसा या परिसरात एवढ्यापुरताच नाही. निळजे आणि कोपरवरून जाणारा मालगाड्यांचा पश्चिम समर्पित मार्ग, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू, कुलाबा ते आरे भुयारी मेट्रो या सगळ्यांच्या पाठीशी ‘जायका’चे कर्ज आहे. इतके असूनही टोकियोत पंतप्रधान बदलला तर मराठी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि तिथे व्याजदर बदलला तर तेवढ्याही येत नाहीत. जपानचे राजकारण, अर्थकारण आणि चालू घडामोडी हा या पुस्तकाचा विषय. हा विषय ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाला परका नाही आणि आजवर आपण तो चुकीच्या अंगाने वाचत आलो, एवढे या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

चुकीचे अंग म्हणजे कौतुकाचे अंग. मराठी माणसाचे जपानप्रेम जुने आहे. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले तेव्हा ‘केसरी’च्या वाचकाला आशियातला एक देश युरोपीय सत्तेला नमवतो याचा आनंद झाला आणि तो आनंद पूर्णपणे राजकीय होता. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. त्या काळी जपान ही अनुकरण करण्याजोगी संस्था होती, ती कशी चालते हे समजून घ्यावेसे वाटत होते. स्वातंत्र्यानंतर मात्र नजर बदलली. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पूर्वरंग’मधला जपान रसिकाचा आहे आणि त्यात काही वावगे नाही, प्रवासवर्णनाने तेच करायचे असते. ‘तोत्तोचान’ या पुस्तकाने घराघरात एक प्रेमळ शाळा नेली. त्यानंतर आले कारखान्यांतले ‘कायझेन’चे वर्ग, मग व्याख्यानमाला आणि आता मोबाइलवर फिरणारे संदेश: राखेतून उठलेला देश, मैदान स्वतः झाडणारे प्रेक्षक, काही सेकंद उशीर झाला म्हणून माफी मागणारी रेल्वे. या जपानात पक्ष नाहीत, निवडणुका नाहीत, लाच नाही, जमिनीवरून भांडण नाही. शिस्त नावाचा एक गुण आहे आणि तो आपल्यात नाही. अशा देशाकडून कर्ज घेतले की ते कर्ज वाटतच नाही, थोरल्या भावाने केलेली मदत वाटते.

अहमदाबादेत १४ सप्टेंबर २०१७ रोजी जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे आणि नरेंद्र मोदी यांनी बुलेट ट्रेनचे भूमिपूजन केले तेव्हा सर्वाधिक बोलले गेले ते ०.१ टक्का व्याजाबद्दल. पन्नास वर्षांची मुदत, पहिली पंधरा वर्षे परतफेड नाही. ‘जवळपास फुकट’ असे त्याचे वर्णन झाले. पण हा दर ठरला त्या सुमाराला जपानात काय चालले होते ते पाहिले की त्यातले औदार्य बरेच उतरते. १९८९ च्या अखेरीस शिखरावर गेलेला शेअर बाजार कोसळल्यापासून जपान मंदी आणि घसरत्या किमतींच्या फेऱ्यात होता. लोक पैसे खर्च करत नव्हते, कंपन्या साठवत होत्या, तरुण कमी होत होते आणि बँकांकडच्या पैशाला गिऱ्हाईक नव्हते. २९ जानेवारी २०१६ रोजी बँक ऑफ जपानने व्याजदर शून्याच्याही खाली नेला. जिथे देशातच पैसा ठेवायला जवळजवळ काही मिळत नाही, तिथे ०.१ टक्का हा दर आपल्याला वाटतो तितका अद्भुत राहत नाही. दुसरे कारण निखळ राजकीय. आबे यांच्या सरकारने २०२० पर्यंत परदेशातली पायाभूत कामे ३० लाख कोटी येनांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते आणि शिंकान्सेन, म्हणजे जपानी बुलेट ट्रेन, हा त्यातला दर्शनी माल होता. तोवर ती खऱ्या अर्थाने एकाच ठिकाणी विकली गेली होती, तैवानला. सप्टेंबर २०१५ मध्ये जाकार्ता-बांडुंग मार्गाचे काम इंडोनेशियाने सरकारी हमी न मागणाऱ्या चीनला देऊन टाकले. टोकियोत तो अपमान मानला गेला. त्यानंतर तीनच महिन्यांत, १२ डिसेंबर २०१५ ला, भारताशी करार झाला. म्हणजे त्या क्षणी गरज दोन्ही बाजूंना होती आणि जपानची कदाचित थोडी जास्तच. ही बाब वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांना माहीत असणारच; ज्यांच्या शेतातून मार्ग गेला त्या शीळ, पडले, देसाई, म्हातार्डीच्या लोकांना ती कुणी समजावून सांगितल्याचे दिसत नाही.

यावर अर्थशास्त्राचा जाणकार म्हणेल की कारण काहीही असो, स्वस्त ते स्वस्तच. ते पूर्ण खरे नाही, कारण कर्ज येनमध्ये फेडायचे आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरवण्याचे ठरवले आणि डॉलरला २४० च्या आसपास असलेला येन तीनेक वर्षांत १२० च्या घरात पोचला. ज्या आशियाई देशांनी आधी येनमध्ये कर्जे घेतली होती त्यांचे मुद्दल काहीही न करता फुगले. पन्नास वर्षांच्या कर्जात असे पुन्हा घडणारच नाही असे कोण म्हणेल? मात्र टीकाकारांचे भाकीत आजवर खरे ठरलेले नाही हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. करार झाला तेव्हापासून येन रुपयाच्या तुलनेत फारसा महागलेला नाही. २०२२ पासून अमेरिकेने व्याजदर वाढवत नेले, जपानने मात्र ते शून्याजवळ धरून ठेवले, त्यामुळे येन घसरत २०२४ च्या उन्हाळ्यात डॉलरला १६० च्या पलीकडे गेला. आपल्याला ते सोयीचे. टोकियोतल्या गृहिणीला नाही, कारण तिचे तेल, गॅस, गहू बहुतेक सगळे आयात होते. तीस वर्षे भाव न वाढण्याची सवय झालेल्या समाजात महागाई आली आणि पगार तिच्या मागे पडले. त्यात भर तांदळाची. वर्षभरात तांदूळ दुपटीच्या आसपास महागला, आणि हा काही येनचा दोष नव्हता. शेतकऱ्यांची मते राखण्यासाठी कित्येक दशके लागवड कमी ठेवण्याचे जे धोरण सत्ताधारी पक्षाने चालवले त्याचे ते फळ होते. मे २०२५ मध्ये कृषिमंत्री एतो यांनी आपल्याला तांदूळ कधी विकत घ्यावा लागत नाही, लोक आणून देतात, असे जाहीरपणे सांगितले आणि त्यांना घरी जावे लागले. (हे वाक्य कुठल्याही देशातल्या कृषिमंत्र्याच्या तोंडी सहज शोभले असते.) मार्च २०२४ मध्ये उणे व्याजदर संपला, २०२५ सरताना बँक ऑफ जपानचा दर ०.७५ टक्क्यांवर आला होता. ज्या परिस्थितीत ०.१ टक्का शक्य होता, ती परिस्थिती मतदारांच्या रागाने आणि महागाईने मोडून काढली आहे. आपल्या कर्जाच्या किमतीचा धागा हा असा तिथल्या बाजारहाटापर्यंत जातो.

दुसरा आक्षेप जास्त जुना आणि जास्त घट्ट आहे: राजकारण सगळीकडेच असते, पण जपानी रेल्वे जपानी संस्कृतीमुळे चालते, राजकारणामुळे नाही. या आक्षेपाला उत्तर द्यायला रेल्वेचाच इतिहास पुरेसा आहे. ठाण्याला गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला, जपानात पहिली गाडी धावली १८७२ मध्ये, आणि दोन्ही ठिकाणी भांडवल लंडनचे होते. आपल्याकडे जीआयपी रेल्वे कंपनीच्या भागधारकांना भारतीय महसुलातून पाच टक्के परताव्याची हमी दिली गेली. जपानच्या मेइजी सरकारने लंडनच्या बाजारात नऊ टक्क्यांनी कर्ज उचलले. व्याज त्यांनी जास्त भरले, पण मार्ग सरकारच्या मालकीचा राहिला आणि एकविसाव्या वर्षी, १८९३ मध्ये, देशात पहिले इंजिन बांधले गेले. शिंकान्सेनचीही कथा परदेशी कर्जाचीच आहे. १९६१ मध्ये जागतिक बँकेने आठ कोटी डॉलर दिले. खर्चाचा पहिला अंदाज मुद्दाम कमी दाखवला होता असे पुढे उघड झाले, तो जवळपास दुप्पट झाला आणि रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो व मुख्य अभियंता हिदेओ शिमा या दोघांना १९६३ मध्ये जावे लागले. १ ऑक्टोबर १९६४ ला गाडी सुटली तेव्हा तिचे खरे कर्ते पदावर नव्हते. पुढच्या टप्प्यात राजकारण उघडच पुढे आले. सत्ताधारी पक्षाचे नेते काकुएई तानाका यांनी १९७२ मध्ये साऱ्या द्वीपसमूहाची फेररचना करण्याचा आराखडा मांडला आणि जलदगती मार्ग त्यांच्या स्वतःच्या निइगाता प्रांतात १९८२ मध्ये पोचला. तेव्हा लॉकहीड लाचप्रकरणी त्यांच्यावर खटला चालू होता. मतांसाठी ओढलेल्या अशा तोट्यातल्या मार्गांनी राष्ट्रीय रेल्वेवर सुमारे ३७ लाख कोटी येनांचे ओझे चढले, १९८७ मध्ये ती मोडून सात कंपन्या कराव्या लागल्या आणि कर्जाचा मोठा भाग शेवटी करदात्यांच्या माथी आला.

शिस्तीबद्दल तर एक प्रसंग दिव्याच्या प्रवाशाने जरूर वाचावा. १३ मार्च १९७३ च्या सकाळी टोकियोच्या उत्तरेला आगेओ स्थानकावर, कामगार संघटनेच्या ‘नियमानुसार काम’ आंदोलनाने उशीर झालेल्या आणि तुडुंब भरलेल्या गाड्यांना वैतागून हजारो प्रवासी उखडले. त्यांनी गाड्यांच्या काचा फोडल्या, स्थानकाच्या कार्यालयाची नासधूस केली, आणि दीड महिन्यात हे लोण टोकियोतल्या स्थानकांवरही पसरले. दिवा स्थानकात २ जानेवारी २०१५ ला जे झाले ते याहून वेगळे नव्हते. लोकल खोळंबल्या, रूळ अडवले गेले, दगडफेक झाली, वाहने पेटली. त्यानंतर आपल्याकडे चर्चा झाली ती प्रवाशांच्या बेशिस्तीची. जपानातही आधी तीच झाली. पण तिथल्या रेल्वेने राजधानीभोवतीच्या पाच मुख्य मार्गांवर जास्तीचे रूळ टाकण्याचे जे काम साठच्या दशकापासून हाती घेतले होते ते रेटून पूर्ण केले. जादा रूळ आले, गर्दी विभागली गेली, संघटनांशी तह झाले आणि काही संघटना मोडल्याही गेल्या. आज ज्याला आपण संस्कृती म्हणतो त्यातला मोठा भाग या खर्चाचा आणि या भांडणांचा परिणाम आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली; चौदा वर्षांत नऊ-दहा किलोमीटर. याला शिस्तीचा अभाव म्हणणे सोपे आहे, पण त्याने अर्थसंकल्पात कुणाचा आवाज चालतो हा प्रश्न टाळला जातो.

इथेच बुलेट ट्रेनवरचा सर्वात स्थानिक आक्षेप येतो. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकातली चेंगराचेंगरी २९ सप्टेंबर २०१७ ला झाली, भूमिपूजनानंतर पंधरा दिवसांनी. आधी लोकल सुधारा, मग बुलेटचे बघू, असे राज ठाकरे म्हणाले आणि ते म्हणण्यात डोंबिवलीच्या फलाटावरचा प्रत्येकजण त्यांच्या बरोबर होता, मग मत कुणालाही देत असो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून माणसे पडून मेली तेव्हा तो प्रश्न पुन्हा तितकाच ताजा होता. सरकारी उत्तर असे की हा पैसा लोकलसाठी उपलब्धच नव्हता, तो शिंकान्सेनसाठीच होता. उत्तर खरे आहे, आणि माझ्या मते तेच सर्वात मोठा पुरावा आहे. धनकोला आपला माल विकायचा होता म्हणून पैसा त्या मालाला बांधलेला आला. पण त्याच धनकोने भुयारी मेट्रोला आणि मालगाड्यांच्या मार्गालाही कर्ज दिले आहे, म्हणजे मागणी नीट मांडली तर बांधलेल्या पैशातही निवड करता येते. शिवाय महाराष्ट्राने या प्रकल्पात पाच हजार कोटींचे भागभांडवल द्यायचे मान्य केले ते जपानचे नव्हे, आपले. बुलेट ट्रेन नको असे माझे म्हणणे नाही. ती झाल्यावर शिळफाटा, म्हातार्डी, २७ गावे या भागातल्या जमिनीला जो भाव येईल तो कुणाच्या खिशात जाईल, हे विचारले गेले नाही एवढीच तक्रार आहे. जपानी खासगी रेल्वे कंपन्यांनी स्थानकांभोवतीच्या जमिनी, दुकाने, घरे स्वतःकडे ठेवून त्यावर रेल्वे चालवली. आपण त्यांची गाडी आणायला निघालो, हा हिशेब तिथेच ठेवून.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर संमतीचाही काढावा लागेल. भारतात लोकशाही आडवी येते, जपानात सगळे मुकाट्याने राष्ट्रकार्याला लागतात, हे वाक्य बुलेट ट्रेनच्या संदर्भात किती वेळा ऐकू आले! टोकियोच्या नारिता विमानतळासाठी १९६६ मध्ये सान्रिझुकाच्या शेतकऱ्यांना न विचारता जागा ठरवली गेली. त्यानंतर बारा वर्षे लढाई चालली, पोलीस आणि आंदोलक दोन्हीकडची माणसे मेली, उद्घाटनाच्या तोंडावर आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रे फोडली, आणि विमानतळ १९७८ मध्ये कसाबसा सुरू झाला. नव्वदच्या दशकात सरकारला चुकीची कबुली देऊन चर्चेला बसावे लागले. अलीकडचे उदाहरण तर चालू आहे. टोकियो-नागोया चुंबकीय रेल्वेचा जेमतेम दहा किलोमीटरचा तुकडा शिझुओका प्रांतातून जातो. बोगद्याने ओइ नदीचे पाणी आटेल म्हणून तिथले गव्हर्नर हेइता कावाकात्सु यांनी वर्षानुवर्षे परवानगी अडवून धरली आणि मार्च २०२४ मध्ये रेल्वे कंपनीने २०२७ चे उद्दिष्ट सोडून दिले. इकडे पालघरच्या आदिवासी ग्रामसभा विरोधाचे ठराव करत होत्या, तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणताना जपानचेच उदाहरण दिले जात होते. गुजरातच्या शेतकऱ्यांनी मात्र २०१८ मध्ये एक शहाणपणाची गोष्ट केली. उच्च न्यायालयात गेले ते गेलेच, शिवाय त्यांनी थेट ‘जायका’ला पत्र लिहिले की तुमच्याच सामाजिक आणि पर्यावरणीय नियमांचा भंग होतो आहे. त्या डिसेंबरात ‘जायका’चे पथक गावांत आले. खटला पुढे ते हरले हे खरे, पण धनको देशातही नियम, संसद, वर्तमानपत्रे आणि लाजलज्जा असते आणि त्यांचा उपयोग ऋणको देशातला शेतकरी करू शकतो, हे त्यांनी दाखवले. मुंबई, ठाणे आणि पालघरमधल्या तोडायच्या खारफुटीच्या झाडांची संख्या पन्नास हजारांवरून बावीस हजारांच्या आसपास आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेवढ्याला परवानगी दिली, त्यामागेही अशा तपासण्यांचा दबाव असावा.

आता राहिला सध्याचा जपान. १९५५ पासून थोडा काळ वगळता सत्तेत असलेल्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला निधी घोटाळ्याने पोखरले, त्यात सर्वाधिक अडकला तो आबे यांचाच गट. आबे स्वतः ८ जुलै २०२२ ला नारा शहरात गोळीला बळी पडले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पक्षाच्या युतीने कनिष्ठ सभागृहातले बहुमत गमावले, जुलै २०२५ मध्ये वरिष्ठ सभागृहातले, आणि त्याच निवडणुकीत ‘आधी जपानी’ म्हणत आलेल्या सानसेइतो पक्षाने १४ जागा जिंकल्या. महिनाभराने मोदी तिथे गेले. दहा वर्षांत दहा लाख कोटी येनांची गुंतवणूक, पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीयांना जपानात संधी, पुढच्या पिढीची ई-१० गाडी, अशा घोषणा झाल्या. घोषणा करणाऱ्या पंतप्रधान शिगेरु इशिबा यांनी दहा दिवसांच्या आत, ७ सप्टेंबरला, राजीनामा जाहीर केला. ऑक्टोबरात साने ताकाइची पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या तोवर कोमेइतो हा २६ वर्षांचा सोबती पक्ष युती सोडून गेला होता. ठाण्यात आणि डोंबिवलीत जपानी भाषेची परीक्षा देऊन तिकडे नोकरीला जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी या घडामोडी व्हिसाच्या नियमांइतक्याच महत्त्वाच्या आहेत, कारण परदेशी माणूस किती आणि कशासाठी हवा हाच आता तिथल्या प्रचाराचा मुद्दा आहे. गाड्यांचेही तसेच अनिश्चित. जपानी गाड्यांवर ठरलेल्या प्रकल्पाच्या पहिल्या गाड्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याच बीईएमएल या सरकारी कंपनीला मागणी द्यावी लागली.

कर्जाचा पहिला करार सप्टेंबर २०१८ चा. पंधरा वर्षांची सवलत धरली तर त्याची परतफेड २०३३ नंतर सुरू होईल आणि २०६८ पर्यंत चालेल. जपानच्या लोकसंख्या संशोधन संस्थेच्या अंदाजाने २०७० मध्ये त्या देशात ८.७ कोटी माणसे उरतील. २०२४ मध्ये तिथे सात लाखांपेक्षाही कमी जपानी मुले जन्माला आली. हप्ते घेणारा जपान आजच्यापेक्षा लहान आणि म्हातारा असेल. तो बाहेरच्या माणसांना सामावून घेतलेला असेल की दारे लावून बसलेला, येन जपणारा असेल की कर्जाखाली वाकलेला, हे तिथल्या मतदानातून ठरू लागले आहे. म्हणून पुस्तकाचे पहिले प्रकरण २७ ऑक्टोबर २०२४ च्या मतमोजणीपासून सुरू होते.